ईम गावचे चर्च

इंग्लंडच्या ग्रामीण भागातून प्रवास करणाऱ्यास गाव दिसण्यापूर्वी गावचे चर्च दिसते. झाडीतून वर आलेला चौकोनी दगडी मनोरा, त्याच्या पायथ्याशी कलत्या थडग्यांचे आवार आणि त्या आवाराला टेकून वसलेली पाचपन्नास घरे असे हे चित्र बहुतेक खेड्यांतून सारखेच आढळते. या चर्चकडे केवळ रविवारच्या प्रार्थनेची जागा म्हणून पाहिले, तर त्याचा निम्मा इतिहास दृष्टीआड होईल. चर्चच्या अधिकारात असलेल्या मुलखास ‘पॅरिश’ म्हणत, आणि पॅरिश हे शतकानुशतके इंग्लंडमधील राज्यकारभाराचे सर्वांत लहान एकक होते. १५३८ साली टॉमस क्रॉमवेलच्या आज्ञेने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची वही ठेवणे सक्तीचे झाले. १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांच्या पोषणाचा भारही पॅरिशवर आला. धर्मगुरूचा चरितार्थ शेताच्या उत्पन्नाच्या दशांशावर चाले. आपल्याकडील गावगाड्यात ग्रामदेवतेचे देऊळ, पाटील आणि कुलकर्णी यांनी मिळून जे काम केले, त्यातील पुष्कळसे काम तेथे या एकाच दगडी इमारतीभोवती चालत असे.

पॅरिशला शीव असे, व ती शीव प्रत्येक गावकऱ्यास ठाऊक असे. एरवी ही शीव म्हणजे करवसुलीची व दफनाच्या हक्काची एक रेषा. परंतु एका गावाच्या इतिहासात असा एक काळ आला, की त्या रेषेला जीवनमरणाचा अर्थ प्राप्त झाला. त्या गावाचे नाव ईम. अक्षरे पाहून परका मनुष्य ते ‘एयाम’ असे वाचतो, पण गावकरी त्याचा उच्चार ‘ईम’ असाच करतात.

ईम हे डर्बीशायर परगण्यातील डोंगराळ भागात, बेकवेल या बाजारगावाच्या उत्तरेस वसले आहे. १९५१ साली ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून जो ‘पीक’ प्रदेश घोषित झाला, त्यातच ते मोडते. माथ्यावर वाऱ्याने झोडपलेली उघडी पठारे, खाली चुनखडीच्या खोल दऱ्या आणि जमिनीच्या पोटात शिशाच्या शिरा अशी या भूमीची रचना आहे. मेंढपाळी, थोडी शेती व शिशाच्या खाणी हे गावकऱ्यांचे व्यवसाय. चर्चच्या रेक्टरला, म्हणजे मुख्य धर्मगुरूला, धान्याबरोबर खाणीतून निघालेल्या शिशाच्या मातीवरही हक्क मिळत असे. त्यामुळे खाणी भरभराटीस आल्या की रेक्टरचे उत्पन्न वाढे आणि त्या बसल्या की तेही बसे.

सेंट लॉरेन्स या संताच्या नावाने ओळखले जाणारे हे चर्च जुने आहे, पण त्याच्या आवारातील एक वस्तू चर्चहूनही जुनी आहे. तो म्हणजे सॅक्सन काळातील दगडी क्रूस. नक्षीदार वेलबुट्टी व देवदूतांच्या आकृती कोरलेला हा स्तंभ सुमारे आठव्या-नवव्या शतकातील मानला जातो. गावात दगडी चर्च उभे राहण्यापूर्वी अशा क्रूसापाशीच उपदेश चालत असावा, असा तर्क आहे. मधल्या काळात त्याची पुरती उपेक्षा झाली. अठराव्या शतकात तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड या गावी आले असता त्यांचे लक्ष त्याकडे गेले व त्यानंतर तो पुन्हा उभा करण्यात आला, असे सांगतात. तोवर त्याच्या खांबाचा काही भाग नाहीसा झाला होता. त्यामुळे आजही त्याचे मस्तक धडाच्या मानाने मोठे दिसते.

चर्चची इमारत ही कोणा एका काळाची निर्मिती नव्हे. मध्ययुगात ती टप्प्याटप्प्याने वाढली आणि एकोणिसाव्या शतकात तिचा मोठा जीर्णोद्धार झाला. आतील भिंतींवरून धर्मक्रांतीचा इतिहास वाचता येतो. सोळाव्या शतकात इंग्लंडने रोमच्या पोपशी नाते तोडले. जुनी संतचित्रे मूर्तिपूजेची खूण ठरून देशभर चुन्याखाली गेली आणि त्यांच्या जागी बायबलमधील वचने व खुणा रंगविल्या जाऊ लागल्या. ईमच्या भिंतींवर इस्राएलच्या बारा वंशांची चिन्हे त्याच शतकाच्या अखेरीस रंगविली गेली. पुढे तीही झाकली गेली, आणि १९६० नंतरच्या दशकात दुरुस्तीच्या वेळी गिलावा काढताना पुन्हा उजेडात आली. प्रत्येक पिढीने मागच्या पिढीच्या श्रद्धेवर चुना फासावा आणि तो खरवडून काढण्याचे काम दूरच्या वारसांकडे यावे, हा इंग्रजी चर्चच्या भिंतींचा सर्वसाधारण अनुभव आहे.

धर्माचा हा झगडा भिंतींवरच थांबला नाही. सतराव्या शतकाच्या मध्यास राजा व पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध झाले आणि त्याचे पडसाद खेड्यापाड्यांच्या व्यासपीठांवर उमटले. ईमचे रेक्टर शेरलंड अ‍ॅडम्स हे राजपक्षाचे. १६४४ साली त्यांना पदावरून दूर करण्यात आले व त्यांच्या जागी टॉमस स्टॅन्ले हे प्युरिटन पंथाचे धर्मोपदेशक आले. साधी राहणी व निर्भीड उपदेश यांमुळे गावकऱ्यांचे मन त्यांच्यावर जडले. १६६० साली राजसत्ता परत आली तसे अ‍ॅडम्सही परत आले. १६६२ च्या कायद्याने सर्व धर्मगुरूंनी नवे प्रार्थनापुस्तक जसेच्या तसे मान्य करावे असा दंडक घातला. तो न मानणाऱ्या सुमारे दोन हजार धर्मोपदेशकांस आपापली चर्चे सोडावी लागली. स्टॅन्ले त्यांपैकी एक होते. चर्च गेले, तरी त्यांचा ईमशी असलेला संबंध तुटला नाही.

१६६४ साली अ‍ॅडम्स मरण पावले व विल्यम मॉम्पेसन हे नवे रेक्टर नेमले गेले. केंब्रिजमध्ये शिकलेला हा तरुण तेव्हा जेमतेम पंचविशीचा होता. बरोबर पत्नी कॅथरिन व दोन लहान मुले. गावकऱ्यांच्या दृष्टीने हा मनुष्य परका. त्यांनी मानलेला वडीलधारा गुरू गावात, पण त्यास व्यासपीठावर चढण्याचा अधिकार नाही. आणि ज्यास अधिकार आहे, त्याजवर लोकांचा अजून विश्वास नाही. पॅरिश अशी दुभंगलेली असतानाच तिच्यावर संकट कोसळले.

१६६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले होते. ऑगस्टच्या अखेरीस अगर सप्टेंबरच्या आरंभी ईम येथील एका शिंप्याकडे लंडनहून कापडाची पेटी आली. कापड ओलसर होते म्हणून शिंप्याचा मदतनीस जॉर्ज विकर्स याने ते विस्तवापुढे वाळत घातले, अशी कथा आहे. विकर्स थोड्याच दिवसांत आजारी पडला व ७ सप्टेंबर रोजी त्याच्या दफनाची नोंद झाली. शरद ऋतूत मृत्यूंची संख्या वाढली आणि हिवाळ्यात ती ओसरली. वसंत ऋतू आला तेव्हा संकट टळले असे लोकांना वाटू लागले होते. परंतु जून १६६६ मध्ये रोगाने पुन्हा उचल खाल्ली. ज्यांना ऐपत होती अशी काही कुटुंबे आधीच निघून गेली होती. उरलेल्यांमध्येही पळून जाण्याची भाषा सुरू झाली.

पळणे स्वाभाविक होते, पण पळणाऱ्याबरोबर रोगही आसपासच्या गावांत व शेफील्डसारख्या वस्तीत जाणार हे उघड होते. मॉम्पेसन यांनी लोकांना थांबवावयाचे ठरविले. एकट्याच्या शब्दाला वजन नाही हे त्यांनी ओळखले असावे. ते व स्टॅन्ले या प्रसंगी एकत्र आले, असे ईमची परंपरा सांगते. या ऐक्याचे मोल कळण्यास एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हाकलून दिलेल्या धर्मोपदेशकांनी आपल्या जुन्या पॅरिशच्या पाच मैलांच्या आत राहू नये, असा कायदा १६६५ सालीच झाला होता. म्हणजे स्टॅन्ले यांचे गावात असणे हेच मुळी कायद्याविरुद्ध होते. रेक्टर हा राजमान्य धर्माचा प्रतिनिधी आणि स्टॅन्ले हे त्या धर्माने बहिष्कृत केलेले. एकाजवळ अधिकार होता व दुसऱ्याजवळ लोकांचे प्रेम. या दोहोंची सांगड पडली तेव्हाच गाव ऐकण्यास तयार झाले.

त्या जूनपासून तीन गोष्टी पाळण्यात आल्या. पहिली अशी की, मृतांस चर्चच्या आवारात न आणता प्रत्येक कुटुंबाने आपले माणूस घराजवळच्या शेतात अगर परसात पुरावे. चर्चच्या पवित्र भूमीत विसावा मिळणे हा ज्या समाजात प्रत्येक माणसाचा अखेरचा हक्क मानला जाई, तेथे हा त्याग लहान नव्हता. दुसरी अशी की, बंदिस्त चर्च बंद ठेवून प्रार्थना उघड्यावर व्हावी. त्यासाठी गावाजवळची ‘ककलेट डेल्फ’ नावाची हिरवी घळ निवडण्यात आली. कुटुंबे तेथे एकमेकांपासून अंतर ठेवून उभी राहत. तिसरी व सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे गावाची शीव कोणीही ओलांडावयाची नाही.

शीव बंद झाली तर खाणार काय, हा प्रश्न होता. जवळच चॅट्सवर्थ येथे डेव्हनशायरच्या अर्लचा वाडा होता. गावाने आपली मर्यादा पाळावी आणि अर्लने अन्नपुरवठा करावा, अशी व्यवस्था झाली. शेजारच्या गावांचे लोकही सामान आणून शिवेवर ठेवीत व दूर होत. मग ईमचे लोक येऊन ते उचलीत. स्टोनी मिडलटन गावाकडे जाणाऱ्या वाटेवर अजून एक शिळा आहे. तिच्यात सहा खळगे आहेत. त्यांत शिरका ओतून गावकरी सामानाच्या मोबदल्याची नाणी टाकीत. शिरक्याने रोगाचे विष धुऊन जाते अशी समजूत होती. गावाच्या वरच्या अंगास असलेल्या एका झऱ्यावरही अशीच देवघेव चाले, आणि त्या झऱ्यास ‘मॉम्पेसनची विहीर’ हे नाव पडले आहे.

त्या जुलै महिन्यात पन्नासांहून अधिक माणसे दगावली व ऑगस्टमध्ये सत्तरांहून अधिक. राइली नावाच्या टेकडीवरील शेतात एलिझाबेथ हॅन्कॉक या स्त्रीने ऑगस्टच्या आरंभीच्या आठ दिवसांत आपला पती व सहा मुले यांस एकटीने पुरले. मदतीस कोणी येण्यासारखे नव्हते. त्या सात मृतांचे दगड आज एका लहानशा दगडी कुंपणात उभे आहेत. मॉम्पेसन यांनी आपली मुले आधीच गावाबाहेर पाठविली होती. कॅथरिनने मात्र पतीजवळच राहणे पत्करले. २५ ऑगस्ट रोजी ती प्लेगने मरण पावली. तिचे थडगे चर्चच्या आवारात, त्या सॅक्सन क्रूसाच्या जवळच आहे. १ सप्टेंबर रोजी मॉम्पेसन यांनी आपले आश्रयदाते सर जॉर्ज सॅव्हिल यांस पत्र लिहिले. आपलाही अंत आता जवळ आला, असे समजून लिहिलेले ते पत्र आहे.

पण ते वाचले. नोव्हेंबरच्या आरंभी शेवटचा मृत्यू झाला. २० नोव्हेंबरच्या पत्रात त्यांनी हिशेब दिला आहे: शहात्तर कुटुंबांत रोग शिरला आणि दोनशे एकोणसाठ माणसे गेली. पुढे काही वर्षांनी ते नॉटिंगहॅमशायरमधील ईक्रिंग येथे रेक्टर म्हणून गेले. तेथील लोक मात्र प्लेगच्या गावाहून आलेल्या या धर्मगुरूस भ्याले आणि आरंभी त्यांना गावाबाहेर झोपडीत राहावे लागले, असे सांगतात. स्टॅन्ले यांच्याही वाट्यास विश्रांती आली नाही. रोग ओसरताच त्यांना गावातून घालवून द्यावे अशी मागणी पुढे आली. ज्याने गाव सावरण्यास साह्य केले त्यासच हाकलणे अनुचित होय, अशा अर्थाचे उत्तर अर्लने दिल्याचे १७०२ सालच्या एका पुस्तकात नमूद आहे. १६७० साली ते ईममध्येच निवर्तले.

या हकिकतीचा मुख्य आधार कोणता? चर्चची दफनवही व मॉम्पेसन यांची पत्रे. परंतु आज उपलब्ध असलेली वही ही मूळ वही नसून अठराव्या शतकाच्या आरंभी केलेली तिची प्रत आहे. ईमची कथा छापून प्रथम आली ती १७२२ मध्ये, डॉक्टर रिचर्ड मीड यांच्या प्लेगविषयक ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत. त्यानंतर ईमच्याच रेक्टरची कन्या, कवयित्री अ‍ॅना सीवर्ड हिने ती आपल्या पत्रात रंगविली. १८४२ साली गावचेच रहिवासी विल्यम वुड यांनी ईमचा इतिहास प्रसिद्ध केला व त्यात लोकांच्या तोंडी असलेल्या आठवणी गोळा केल्या. मधल्या काळात कथेचा नायकही बदलत गेला. प्युरिटन परंपरेने श्रेय स्टॅन्ले यांस दिले, तर इतरांनी ते मॉम्पेसन यांस दिले. २००६ साली इतिहासकार पॅट्रिक वॉलिस यांनी ही सारी घडण तपासून पाहिली. समकालीन पुरावा तुटपुंजा असून वीरगाथा बहुतांशी पुढील दोन शतकांत रचली गेली, असे त्यांनी दाखवून दिले. गावात साडेतीनशे माणसे होती व त्यांतील त्र्याऐंशीच उरली, असे पूर्वी मानीत. करपत्रकांवरून केलेल्या अलीकडील अभ्यासात गावची लोकसंख्या सातशेच्या घरात येते. तसे असले, तरी तीन माणसांमागे एक गेले, हा हिशेब काही सौम्य होत नाही.

या निश्चयाचा वैद्यकदृष्ट्या उपयोग झाला काय, हाही प्रश्न विचारला गेला आहे. त्याचे उत्तर शोधताना ईमचा धागा आपल्या देशाशी येऊन मिळतो. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँग येथे सापडला. उंदरावरील पिसवांमुळे तो पसरतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, प्रयोगाने दाखविले. आणि १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या संशोधनाने त्यास पुष्टी मिळाली. कापडाच्या पेटीतून ईममध्ये नेमके काय आले असावे, याचा उलगडा अशा रीतीने अडीचशे वर्षांनी येथे झाला. यावरून काहींनी असे म्हटले की, माणसे उंदीर-पिसवांच्या संगतीत कोंडली गेल्याने मृत्यू वाढलेच असतील. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासाचा निष्कर्ष मात्र असा की, ईममधील सुमारे तीन चतुर्थांश संसर्ग माणसाकडून माणसास झाला होता. तसे असेल, तर घरोघरी दफन करणे, उघड्यावर दूर दूर उभे राहणे व शीव न ओलांडणे हे तिन्ही निर्णय, रोगाचे कारण ठाऊक नसतानाही, विचाराचे ठरतात.

विलगीकरणाचा विषय महाराष्ट्रास परका नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने गोऱ्या सोजिरांनी घरोघरी झडत्या घेतल्या. त्यातून उसळलेला क्षोभ २२ जून रोजी झालेल्या रँडच्या वधापर्यंत जाऊन पोहोचला. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता मृत्यू पावल्या. नियम दोन्हीकडे कठोरच होते. पुण्यात ते बंदुकीच्या आधाराने परक्यांनी लादले. ईममध्ये ते ज्यांनी सांगितले, ते स्वतः त्या शिवेच्या आत राहिले होते आणि त्यांतल्या एकाने आपली पत्नी त्याच शिवेच्या आत गमावली. वीरगाथेचा रंग कितीही खरवडला, तरी एवढी गोष्ट चुन्याखालच्या चित्राप्रमाणे शिल्लक राहते.

आज ईमच्या चर्चमध्ये त्या दिवसांच्या खुणा इतर खुणांत मिसळून गेल्या आहेत. दक्षिणेच्या भिंतीवर १७७५ सालची छायाघटिका असून तिच्यावर दूरदूरच्या स्थळांची नावे कोरली आहेत. मॉम्पेसन यांची म्हणून दाखविली जाणारी खुर्ची आत ठेवली आहे, आणि प्लेगची कथा सांगणारी रंगीत काचेची खिडकी १९८५ मध्ये बसविण्यात आली. आवारात डर्बीशायरचे क्रिकेटपटू व पंच हॅरी बॅगशॉ यांचे थडगे आहे. १९२७ साली निवर्तलेल्या या गृहस्थांच्या दगडावर मोडलेल्या यष्ट्या व त्यांवर बाद दिल्याची खूण करणारे पंचाचे बोट कोरलेले आहे. मृत्यूकडे इतक्या खेळकरपणे पाहणारा दगड आणि कॅथरिनचे थडगे ही एकाच आवारात आहेत.

दर वर्षी ऑगस्टच्या अखेरच्या रविवारी गावकरी व पाहुणे मिळून ककलेट डेल्फच्या घळीत प्रार्थनेस जमतात. २०२० साली साऱ्या जगाने घरोघरी दारे लावून घेतली, तेव्हा या लहानशा गावाची आठवण पुष्कळांस झाली. चर्चच्या दफनवहीत त्या चौदा महिन्यांच्या नावांची रांग आहे. त्या नावांपुढे कोणाचाही पराक्रम लिहिलेला नाही, केवळ तारखा आहेत. आणि त्यांपैकी बहुतेकांचे देह, ज्या चर्चने त्यांची नावे जपली, त्याच्या आवारात नाहीत. ते शिवेच्या आत, पण आपापल्या शेतांत पडले आहेत.